माव्याचा पत्ता पीकच सांगतं

माघ सरता सरता तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. वाळवा तालुक्यात त्यांचं सव्वादोन एकर रान, वर्षानुवर्षं उसाचंच. यंदा उसाचा कंटाळा येऊन तीस गुंठ्यांत कोबी लावलेला. म्हणाले, "आरं, औषध मारायच्या आधीच मावा मरायला लागलाय. येऊन बघ जरा. तू शिकलायस न्हवं त्यातलं?"

गेलो. पान उलटं केलं तर नेहमीचा मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड. राखाडी, पीठ भुरभुरल्यासारखा, सोंडा खुपसून दाटीवाटीने बसलेला. पण मधेमधे वेगळेच दाणे दिसत होते. टचटचीत फुगलेले, गोल, भाजलेल्या ज्वारीच्या रंगाचे आणि जागचे न हलणारे. नखाने दाबला की लाहीसारखा चुरा व्हायचा. काहींच्या पाठीला टाचणीने पाडावं तसं नेटकं भोक. तात्यांचा अंदाज असा की शेजारच्या रानातलं औषध वाऱ्याने उडून इकडे आलं असणार.

औषध नव्हतं ते. असल्या दाण्याला कीटकशास्त्रात 'ममी' म्हणतात आणि ती बनवणारी असते एक परोपजीवी गांधीलमाशी. गांधीलमाशी म्हटलं की आपल्याला वळचणीला पोळं करणारी, डसली की गाल सुजवणारी आठवते. ही तिची लांबची भावकी. दोन-तीन मिलिमीटरची, काळसर, कमरेत बारीक. माणसाला डसत नाही आणि मुद्दाम बघितल्याशिवाय दिसतही नाही. घराघरांत बोलतात असं हिचं मराठी नाव मी अजून ऐकलेलं नाही, म्हणून पुढे तिला नुसतं 'माशी' म्हणतो. मादी माव्याच्या अंगात एक अंडं टोचते. अळी आतून मावा खात वाढते, पण हुशारीने: जिवाला लागणारे अवयव शेवटी. मावा बरेच दिवस चालताफिरता राहतो. मग अळी त्याचं कातडं पानाला चिकटवून आत कोष विणते आणि कोषातून तयार झालेली माशी पाठीला गोल झाकण कापून बाहेर येते. हवामानावर अवलंबून, पण साधारण दोन आठवड्यांचं काम.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेमका प्रश्न विचारला. "ते समदं बरोबर. पण चारी बाजूंनी ऊस, मधी माझा एवढासा तुकडा. त्या चिलटाला हितं मावा हाय हे घावलं कसं?"

हिशोब करून बघा. दोन मिलिमीटरच्या माशीने शंभर मीटर जायचं म्हणजे तिच्या लांबीच्या पन्नास हजार पट. माणसाच्या मापात ते पंच्याऐंशी किलोमीटर होतं, म्हणजे इथून निघून कराड ओलांडून जवळजवळ साताऱ्यापर्यंत. आणि तिथे शोधायचं काय, तर हिरव्या पानाखाली लपलेला हिरवट-राखाडी ठिपका. डोळ्यांचा उपयोग तिला होतो, पण अगदी जवळ आल्यावर. लांबून जे काही कळतं ते मिशांना, म्हणजे वासाने.

आता कुणालाही वाटेल की माशी माव्याचा वास घेत येत असेल. तसं नसतं. मावा स्वतः फार कमी वास सोडतो. ज्याचा वास जास्त तो आधी सापडतो, आधी मरतो आणि त्याची वंशावळ तिथेच थांबते. लाखो पिढ्यांच्या या चाळणीतून खाली उरले ते गपगार मावे. याउलट झाड मोठं, पानं भरपूर, वासही भरपूर. पण रानातल्या बहुतेक झाडांवर मावा नसतोच. म्हणजे जो वास खात्रीचा तो कळत नाही आणि जो कळतो तो खात्रीचा नाही. लुईझ व्हेट आणि मार्सेल डिके या डच शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये हा पेच नेमका मांडला. त्यातून निघायची वाट एकच: दुखणं लागलेल्या झाडाचा वास आणि धडधाकट झाडाचा वास यांतला फरक ओळखायचा.

दुखणं लागलं की झाडाचा वास बदलतो, हे आपल्या नाकाला ठाऊक आहे. कुट्टी मशीनमध्ये हत्तीघास टाकला की गोठाभर जो कच्चा, हिरवा वास सुटतो तो घासाच्या फाटलेल्या पेशींचा. मोहरीचंही तसंच. अख्खी मोहरी हुंगून बघा, फारसं काही नाही. कैरीच्या लोणच्यासाठी ती कुटून पाण्यात फेसली की डोळ्यांतून पाणी काढते. मोहरीत दोन वस्तू वेगवेगळ्या खणांत ठेवलेल्या असतात. दाणा फुटला की त्या एकत्र येतात आणि झणका तयार होतो. कोबी, फुलकोबी, मुळा हे सगळे याच कुळातले, म्हणून त्यांच्या पानातही हीच युक्ती आहे.

अळी पान कुरतडते तेव्हा पेशी फुटतात, त्यामुळे वास सुटणार हे सरळच आहे. तरी त्यातही एक खोच निघाली. अमेरिकेत टर्लिंग्स, टमलिन्सन आणि लुईस यांनी १९९० मध्ये मक्याच्या रोपांवर प्रयोग केले. पान नुसतं ओरबाडलं तर रोप हिरवा वास सोडून गप्प होत होतं. पण ओरबाडलेल्या जागी लष्करी अळीच्या तोंडातला रस लावला की काही तासांनी रोपातून वेगळाच, भरगच्च दरवळ सुरू व्हायचा आणि त्या अळीवर जगणारी माशी त्या रोपाकडे खेचली जायची. म्हणजे विळ्याने कापलंय की अळीने खाल्लंय, हे मक्याला कळतं. पुढे १९९७ मध्ये अळीच्या लाळेतला तो कळीचा पदार्थही सापडला.

मावा मात्र कुरतडत नाही. त्याची सोंड केसाहून बारीक. ती पेशी फोडत नाही, पेशींच्या मधल्या फटीतून वाट काढत रसवाहिनीपर्यंत जाते. मग तासन् तास, कधी दिवसेंदिवस, मावा एकाच जागी सोंड खुपसून बसतो. इस्पितळात सलाईन लावतात त्याच्या उलट समजा. नासधूस कमी, म्हणून वासही कमी. पण सोंड घालताना त्याला लाळ सोडावीच लागते आणि झाड ती लाळ ओळखतं. कुरतडणाऱ्या किडीविरुद्ध झाडात जी यंत्रणा जागी होते तिच्यापेक्षा इथे बरीचशी वेगळी यंत्रणा हलते. रोगजंतू आल्यावर जी हलते तिच्या जवळची. त्यातून हवेत जे पदार्थ जातात त्यांत मिथाइल सॅलिसिलेट हा एक. त्याचा वास तुम्हाला माहीत आहे. गुडघ्याला चोळायच्या मलमाचा जो ओळखीचा उग्र वास, तो त्याचाच. झाडातून तो इतका कणभर निघतो की आपल्या नाकाला पत्ता लागत नाही, पण माशीच्या मिशीला लागतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेलं काम इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रातलं आहे. तिथे घेवड्याच्या कुळातलं बाकला नावाचं पीक, वाटाण्यावरचा मावा आणि ॲफिडियस अर्व्ही ही माशी, असं त्रिकूट त्यांनी वर्षानुवर्षं तपासलं. बाकल्यावर वाटाण्याचा मावाही बसतो आणि काळा मावाही. ॲफिडियसला वाटाण्याचा मावा चालतो, काळा चालत नाही. आणि माशी नुसत्या झाडाच्या वासावरून सांगू शकत होती की या झाडावर कुठला मावा आहे! मावा झाडावरून पुसून काढला तरी काही काळ ती त्याच झाडाकडे जात होती, म्हणजे वास माव्याचा नव्हताच. १९९८ मध्ये त्या वासातले घटक वेगळे करून दाखवले गेले. त्यातलं एक लांबलचक नावाचं रसायन फक्त वाटाण्याचा मावा लागलेल्या झाडातूनच येत होतं आणि माशीला सगळ्यात जास्त ओढ त्याचीच होती.

हे कळतं कसं? पद्धत साधी आहे. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची काचेची नळी घ्यायची. एका फाट्यातून मावा लागलेल्या झाडावरची हवा सोडायची, दुसऱ्यातून निरोगी झाडावरची. माशीला बुंध्याशी सोडायचं आणि ती कुठल्या फाट्यात शिरते ते लिहायचं. एक माशी झाली की दुसरी, मग तिसरी, नळी धुवायची, बाजू बदलायची. कंटाळवाणं काम आहे. मी कॉलेजात असताना दोन दिवस केलंय आणि माझ्या निम्म्या माश्या बुंध्यातच मिशा पुसत बसल्या. दुसरी पद्धत जास्त चलाखीची. झाडाचा वास यंत्रातून गाळून एकेक घटक सुटा करायचा आणि माशीच्या मिशीला तारा जोडून तिच्यावर सोडायचा. ज्या घटकाला मिशीतून विजेची झुळूक निघते तो माशीला कळतो. बाकीचे तिच्या लेखी नाहीतच.

तात्यांच्या कोबीवरची माशी बहुधा डायरेटिएला रॅपी असावी. कोबी-मोहरीवरच्या माव्याची ही जगभरची, आपल्याकडचीही, नेहमीची गिऱ्हाईक. रीड, फीनी आणि रूट या तिघांनी १९७० मध्येच दाखवलं की ही माशी कोबीच्या कुळातल्या पानांच्या वासाकडे जाते आणि मोहरीच्या त्या झणक्याकडेसुद्धा. गंमत अशी की कोबीचा मावा हाच झणका स्वतःच्या अंगात साठवतो. पानातला कच्चा माल ओढून घेतो आणि तो फोडणारं द्रव्य स्वतः तयार करतो, म्हणजे चावणाऱ्याच्या तोंडात मोहरी फेसली जावी. मावा खाणाऱ्या ढालकिड्यांविरुद्ध ही तटबंदी चांगली, पण मोहरीच्या वासावरच घर शोधणाऱ्या माशीपुढे तिचा काय उपयोग?

इथे एक गोष्ट मला स्पष्ट सांगायची आहे. या विषयावर लिहिताना 'झाड मदतीसाठी हाक मारतं' असं सर्रास म्हणतात. वाचायला गोड लागतं, पण मला पटत नाही. शेजारी मिरचीची फोडणी दिली की आपण शिंकतो आणि आज तिथे ठेचा आहे हे आपल्याला कळतं. शेजारच्या काकूंनी फोडणी आपल्याला कळवायला दिलेली नसते. झाड आतल्या आत स्वतःचा बचाव करत असतं. त्यातले काही पदार्थ दुसऱ्या माव्याला नको वाटतात, काही रोगजंतूंना आवरतात. माशी त्या वासाचा अर्थ लावायला शिकली. झाडाला त्यातून फायदा होतो, हे खरं. पण वासाला किंमत आहे ती तो खरा असतो म्हणून. मावा आला तरच तो येतो.

बातमी एका पानापुरती राहतही नाही. खालच्या पानाला मावा लागला तर त्याच झाडाच्या वरच्या, स्वच्छ पानातूनही बदललेला वास येऊ लागतो. आणि २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी त्याच्याही पुढचं दाखवलं. बाकल्याची झाडं एकाच वाफ्यात लावली. काही झाडांच्या मुळांभोवती अशी बारीक जाळी घातली की मुळं पलीकडे जाऊ नयेत, पण मुळांवर राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे धागे जावेत. वर पिशव्या बांधून हवेतला वास अडवला. एका झाडावर मावा सोडला, तर बुरशीच्या धाग्यांनी जोडलेली शेजारची निरोगी झाडंही मावा लागल्यासारखा वास देऊ लागली. माव्याला ती नकोशी झाली, माशीला हवीशी. धागे तुटलेल्या झाडांना काहीच कळलं नाही.

माशीला हे ज्ञान कुठून? थोडं उपजत, थोडं शिकलेलं. एखाद्या वासाजवळ मावा सापडला की पुढच्या वेळी ती त्याच वासाकडे आधी वळते. आणि पहिला धडा तर जन्मताच मिळतो. इंग्लंडमध्ये १९९६ मध्ये गव्हाच्या वेगवेगळ्या वाणांवर वाढलेल्या माश्यांवर प्रयोग झाला. माशी ज्या वाणावर वाढली त्याच वाणाकडे परत जात होती. पण तिला ममीच्या कवचातून आधीच अलगद सोडवून काढलं तर ही ओढ नाहीशी व्हायची. कवच कापून बाहेर पडताना मिशांना लागलेला वासच ती लक्षात ठेवत होती. तात्यांना मी म्हटलं, माहेरच्या अंगणाचा वास म्हणा. त्यांना हे लगेच पटलं.

वासावर चालणं म्हणजे पायवाटेवर चालणं नव्हे. उदबत्तीचा धूर बघा. थोडा सरळ जातो, मग त्याच्या चिंध्या होतात. वास तसाच तुकड्यातुकड्यांनी येतो. माशी वाऱ्याच्या तोंडाकडे उडते, वास हरवला की आडवी-तिडवी फिरून पुन्हा पकडते. ढालगावच्या पवनचक्क्या फिरवणारा वारा सुटला तर ती उडायचं टाळून पानालाच धरून राहते. झाडावर उतरल्यावर मात्र चाल बदलते. आता चालत, मिशांनी ठोकत. माव्याच्या शेपटाकडून गळणारा गोड चिकटा सापडला की ती तिथेच घुटमळते, वळणं जास्त घेते. मावा सापडला की मिशीने दोनदा टकटक, मग पोट पायांच्या मधून पुढे वाकवून एक टोचा. क्षणभराचंसुद्धा काम नाही. भ्यालेला मावा पाठीवरच्या दोन नळ्यांतून इशाऱ्याचा थेंब सोडतो, आजूबाजूचे मावे सोंडा काढून पळू लागतात, खाली पडतात. त्या इशाऱ्याचा वासही माशीला कळतो.

हा इशाऱ्याचा वासच पिकात घातला तर? रॉथमस्टेडच्याच लोकांनी तेही केलं. जनुक बदलून असा गहू तयार केला की तो स्वतःच माव्याचा इशारा हवेत सोडेल. प्रयोगशाळेत झकास चाललं: मावा पळाला, माशी आली. २०१२ आणि २०१३ मध्ये शेतात चाचणी झाली; तिच्याविरुद्ध निदर्शनंही झाली. निकाल २०१५ मध्ये छापून आला. शेतात मावा कमी झाला नाही आणि माश्या वाढल्या नाहीत. खरा मावा संकट आल्यावरच, झटक्यात इशारा देतो. हा गहू रात्रंदिवस एकसारखा देत राहिला.

"म्हंजी लांडगा आला रे आला," तात्या म्हणाले. अगदी तेच. न जमलेला प्रयोग जसाच्या तसा छापणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.

तात्यांना यावरून २००२ आठवलं. त्या वर्षी जुलैमध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता महाराष्ट्र-कर्नाटकात पसरला. पानामागे कापूस पिंजून चिकटवल्यासारखा पांढरा थर, खालच्या पानांवर चिकटा, त्यावर काळी बुरशी. उभ्या उसात शिरून फवारायचं म्हणजे अंगाची सालटी निघायची. मग डिफा आणि मायक्रोमस ही नावं चावडीवर ऐकू येऊ लागली. डिफा हा पतंग; त्याची अळी लोकरी मावा खाते. मायक्रोमस नावाच्या किड्याच्या अळ्याही माव्यावरच जगतात. आणि ईशान्येकडून, आसामातून, एन्कार्सिया फ्लॅव्होस्क्युटेलम ही चिमुकली परोपजीवी माशी आणून सोडली गेली. तिच्या भावकीतल्या बहुतेकींचं भक्ष्य पांढरी माशी किंवा खवले कीड, हिचं मात्र उसाचा लोकरी मावा. ती इथे रुजली, पसरली, आणि लोकरी मावा आज तेव्हासारखा कुणाची झोप उडवत नाही. डिफाची अळी तात्यांनी हातावर घेऊन पाहिली होती. ही माशी त्यांच्याच उसात असूनही त्यांनी कधी पाहिली नव्हती.

मग रोकडा प्रश्न आला: "आता औषध मारू का नको?" मी म्हटलं, दहा पानं उलटून मोजा, जिवंत मावा किती आणि ममी किती. ममी वाढत असतील तर चार-पाच दिवस दम धरा. सगळंच मारणारं औषध फवारलं की उघड्यावर फिरणारी माशी आधी मरते, आणि मावा तिच्यापेक्षा फार लवकर सावरतो. त्याला नर लागत नाही. मादी थेट पिल्लं घालते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच धरलेली असते. बांधाला थोडे धणे, बडीशेप फुलू द्या; पूर्ण वाढलेल्या माशीला पोट भरायला फुलातला मध लागतो आणि तिचं तोंड आखूड, त्यामुळे असली उघडी, बारीक फुलंच तिला झेपतात. हे सगळीकडे, दरवेळी पुरेल असं मी म्हणणार नाही. मावा गड्ड्यात शिरला तर बाजारात कोबी कुणी घेत नाही, आणि तिथे माशीचं वेळापत्रक उपयोगाचं नाही.

निघताना ममी असलेलं एक पान लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातलं, तोंडाला मलमलीचा तुकडा बांधला आणि बरणी ओसरीवर ठेवली. पाचव्या दिवशी तात्यांचा पुन्हा फोन. बरणीत माश्या निघाल्या होत्या, पण दोन तऱ्हेच्या. एक मी वर्णन केलेली, दुसरी तिच्याहून बारीक, जास्त चकचकीत. मी त्यांना सांगितलं की भोकं बघा. आपल्या माशीचं भोक गोल, कडा साफ. कडा कुरतडल्यासारख्या फाटक्या असतील तर आतून निघालेली दुसरीच: माव्यावर जगणाऱ्या माशीवर जगणारी.

फोन तसाच ठेवून त्यांनी चष्मा आणायला सांगितला. मागून काकूंचा आवाज, लोणच्याची बरणी असल्या कामाला कुणी दिली म्हणून. बऱ्याच वेळाने तात्या परत फोनवर आले. "बावीस हायती. पंधरा गोल. चार फाटकी. तीन आजून बंदच हायती."